सच्छिद्र कार्बन नॅनोतंतूंचा इलेक्ट्रोड: द्रावणापासून सुपरकॅपॅसिटरच्या चाचणीपर्यंत

सुपरकॅपॅसिटर म्हणजे इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर आयन जमवून वीज साठवणारं साधन. त्याचा कार्बन इलेक्ट्रोड करण्याची रूढ पद्धत साधी आहे. सक्रिय कार्बनची भुकटी, थोडा कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी काजळी) आणि चिकटवणारा पॉलिमर एकत्र कालवायचा आणि धातूच्या पातळ पत्र्यावर लेप द्यायचा. अडचण त्या चिकटवणाऱ्या पॉलिमरची. तो वीज वाहत नाही, कणांच्या मध्ये जाऊन बसतो आणि बारीक भोकांची तोंडंही बुजवतो. नॅनोतंतूंची चटई केली तर तो लागत नाही आणि कार्बन ब्लॅकही लागत नाही. चटईची चकती कापली की झाला इलेक्ट्रोड. पण हा फायदा चटई अखंड राहिली तरच. जास्त भोकं पाडण्याच्या नादात तिचा चुरा झाला, तर इतका खटाटोप करून आपण पुन्हा भुकटीपाशीच येतो.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्यावी. भोकांत आयन शिरले पाहिजेत आणि तंतूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडले पाहिजेत, दोन्ही एकाच वेळी. पृष्ठफळाचा आकडा यातली फक्त अर्धी गोष्ट सांगतो. कार्बनच्या पृष्ठभागावर दुहेरी थराची (पृष्ठभागावरचा भार आणि त्याला लागून बसलेले आयन यांची) धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० मायक्रोफॅरडच्या आसपास धरली, तर ग्रॅमला १००० चौरस मीटर पृष्ठफळातून १०० फॅरड निघतात. पॅन या पॉलिमरपासून (तंतू त्याचेच करायचे आहेत) केलेल्या कार्बनमध्ये नायट्रोजन उरतो, त्यामुळे पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये (आयन असलेल्या द्रावणात) त्यात थोडी भर पडते. २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद भोकं साठवणुकीची, २ ते ५० नॅनोमीटरची भोकं ये-जा करण्याची. गोगोत्सी आणि सिमॉन या संशोधकांच्या गटांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की १ नॅनोमीटरहून अरुंद भोकांतही आयन आपलं द्रावकाचं कवच काही अंशी टाकून शिरतात आणि धारिता उलट वाढते. पण त्या भोकांपर्यंत जायला वाट हवी. ती वाट पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, तापात निघून जाणारा दुसरा पॉलिमर) करून देतो, आणि भिंतींतली बारीक भोकं कार्बन डायऑक्साइड पाडतो. खालची सगळी कृती या दोघांवर उभी आहे.

द्रावण

१० ग्रॅम द्रावणासाठी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल, म्हणजे पॅन, ०.८४ ग्रॅम (रेणुभार सुमारे १,५०,०००), पीएमएमए ०.३६ ग्रॅम (रेणुभार सुमारे १,२०,०००) आणि डायमिथाइल फॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ, ८.८ ग्रॅम. एकूण पॉलिमर १२ टक्के, त्यात पॅन आणि पीएमएमए ७०:३०.

दोन्ही पॉलिमर आधी ६० अंश सेल्सिअसला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा. पॅनची भुकटी थंड डीएमएफमध्ये ढवळत ढवळत थोडीथोडी टाका. गरम द्रावकात एकदम ओतली तर बाहेरून फुगते, आतून कोरडी राहते आणि त्या गुठळ्या पुढे सुईत अडकतात. भुकटी सगळीकडे पसरली की मग ६० ते ६५ अंशांवर ४ तास ढवळा, पीएमएमए घाला आणि झाकण घट्ट लावून आणखी ८ ते १० तास ढवळत ठेवा. तापमान ८० अंशांपलीकडे नेऊ नका. द्रावण पिवळसर व्हायला लागतं.

तयार द्रावण किंचित धूसर दिसेल. ते खराब झालेलं नसतं. पॅन आणि पीएमएमए एकमेकांत पूर्ण मिसळत नाहीत. पीएमएमएचे सूक्ष्म थेंब पॅनमध्ये तरंगत राहतात आणि तंतू ताणला जाताना तेच थेंब ताणून लांबट रेघा होतात. पुढे तापवताना त्या रेघा वाफ होऊन गेल्या की तंतूच्या लांबीभर पोकळ वाटा उरतात. मात्र द्रावण दोन-तीन दिवस तसंच ठेवलं तर थेंब एकत्र येऊन मोठे होतात, म्हणून केल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वापरा. सिरिंजमध्ये भरण्याआधी हवेचे बुडबुडे जाऊ द्या: ढवळणं थांबवून अर्धा तास पुरे.

डीएमएफ त्वचेतून शरीरात जातं आणि प्रजननाला अपायकारक आहे. नायट्राइलचे नेहमीचे पातळ हातमोजे ते फार वेळ रोखत नाहीत. ब्यूटाइल रबरचे वापरा, आणि सगळं काम धूर ओढणाऱ्या कपाटात करा.

कताई

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे सुईतल्या द्रावणाला मोठा विद्युत दाब देऊन त्याची धार बारीक तंतूत ओढणं. त्याची मापं अशी: २१ गेजची बोथट टोकाची सुई, सुईपासून ड्रमपर्यंत १५ सें.मी., दाब १५ ते १८ किलोव्होल्ट, पंपाचा वेग तासाला १ मिलि., ड्रमचा व्यास १० सें.मी., मिनिटाला २०० फेरे. ड्रमवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा आणि सुई ८ सें.मी. रुंदीत मागेपुढे सरकती ठेवा. म्हणजे पट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे २५० चौ.सें.मी. होतं. १० ग्रॅम द्रावण संपायला साधारण १० तास लागतात.

दाब ठरवताना आकड्यापेक्षा सुईच्या टोकाकडे बघा. थेंबाचा स्थिर शंकू दिसला आणि त्याच्या टोकातून एकच धार निघाली की दाब बरोबर आहे. थेंब लोंबून खाली पडत असेल तर दाब कमी किंवा पंप वेगात. शंकू सुईच्या आत ओढला जाऊन धार कडेने फुटत असेल तर दाब जास्त. चटईत मणी दिसले (सूक्ष्मदर्शकाखाली माळेसारखे) तर द्रावण पातळ आहे. पॉलिमर अर्ध्या टक्क्याने वाढवा. दाब वाढवून मणी क्वचितच जातात.

सगळ्यात जास्त त्रास देते ती हवेतली आर्द्रता. ती ३० ते ४५ टक्क्यांत ठेवा. पाणी पॅनला विरघळवत नाही, त्यामुळे दमट हवेत धारेच्या पृष्ठभागावरच पॅन बाहेर पडू लागतो: सुईच्या टोकाशी पांढरा गोळा जमतो, तंतू खडबडीत होतात, चटई कापसासारखी वर फुगते. ५५ टक्क्यांच्या वर काम सुरूच करू नये. उलट हवा फार कोरडी असेल तर चटईवर स्थिर विद्युत साठून तंतू ड्रमपासून दूर उडतात.

काम संपल्यावर पुरवठा बंद केला तरी सुईवर भार शिल्लक असतो. जमिनीला जोडलेली दांडी आधी सुईला टेकवा, मगच हात घाला. चटई फॉइलसकट ६० अंशांवर रात्रभर वाळवा आणि मग सोलून काढा. डीएमएफ राहून गेलं असेल तर पुढच्या तापात तंतू जिथे जिथे एकमेकांना टेकतात तिथे विरघळून चिकटतात.

हवेतलं स्थिरीकरण

इलेक्ट्रोडचं भवितव्य बहुतेक वेळा इथेच ठरतं, आणि घाईही इथेच होते. हवेत तापवल्यावर पॅनच्या साखळीवरचे नायट्राइल गट एकमेकांना जोडले जाऊन शिडीसारखी रचना तयार होते, सोबत ऑक्सिजन शिरतो. ही रचना झाली की तंतू पुढे वितळत नाही. पण ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. ताप भरभर वाढवला तर आतली उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तंतू चिकटून एकजीव पापुद्रा होतो, कधी मधोमध भोक पडून कडा जळतात.

चटईचे ८ × ८ सें.मी. तुकडे कापा. एकावर एक रचू नका. दोन समोरासमोरच्या कडा ग्रॅफाइटच्या किंवा सिरॅमिकच्या पट्ट्यांखाली दाबून ठेवा, कारण मोकळी सोडलेली चटई आक्रसून चुरगळते आणि मग तिच्यातून सपाट चकती निघत नाही. हवा खेळती असलेल्या भट्टीत मिनिटाला १ अंश या गतीने २७० अंशांपर्यंत जा आणि तिथे २ तास थांबा. म्हणजे चढायला ४ तास, थांबायला २ तास. चटई पांढऱ्यावरून पिवळी, मग तपकिरी, शेवटी गडद तपकिरी किंवा काळपट होते.

रंगावर विसंबू नका; वरचा थर काळा आणि आत कच्चं असं होऊ शकतं. दोन खात्रीच्या चाचण्या आहेत. लहानसा तुकडा डीएमएफमध्ये टाका: पूर्ण स्थिर झालेला तुकडा तासाभरानेही जसाच्या तसा राहतो, कच्चा असेल तर फुगतो, तुटतो, द्रावण पिवळं होतं. दुसरा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीत न्या (डीएमएफपासून अर्थातच लांब): पक्का तुकडा फक्त लालसर धगधगतो, कच्चा वितळून ज्वाळेने जळतो. कच्चा निघाला तर सगळी चटई २७० अंशांवर आणखी एक तास ठेवा. पुढच्या पायरीत ही चूक सुधारता येत नाही.

कार्बनीकरण

५० मि.मी. आतल्या व्यासाची, १ मीटर लांबीची क्वार्ट्झ नळी म्हणजे सुमारे २ लिटर आकारमान. मिनिटाला २०० मिलि. नायट्रोजन सोडला तर आतली हवा एकदा बदलायला १० मिनिटं. तापवण्याआधी निदान पाच वेळा, म्हणजे ५० मिनिटं, वायू वाहू द्या. हे वाचवायला गेलं तर उरलेला ऑक्सिजन पातळ तंतू आधी खातो आणि वजनाची घट समजेनाशी होते.

स्थिर झालेल्या चटईचे नळीत सपाट मावतील एवढे अरुंद तुकडे करून ते अ‍ॅल्युमिनाच्या सपाट थाळीवर, वरून ग्रॅफाइटची हलकी पाटी ठेवून, नळीच्या मधोमध ठेवा. तापाचा क्रम: मिनिटाला २ अंशांनी ४०० पर्यंत, तिथे ३० मिनिटं, मग मिनिटाला ५ अंशांनी ९०० पर्यंत, तिथे १ तास. ४०० चा थांबा पीएमएमएसाठी आहे. तो जवळपास काहीही कार्बन न ठेवता पुन्हा आपल्या मोनोमरमध्ये (साखळीच्या सुट्या रेणूंत) मोडतो आणि वाफ होऊन निघून जातो. ही वाफ सावकाश निघाली तर पोकळ वाट उरते. घाईत निघाली तर तंतू फुगतो आणि फुटतो.

९०० का? ७०० च्या खाली कार्बन नीट वीज वाहत नाही. ७०० ते ९०० च्या दरम्यान वहन झपाट्याने सुधारतं. त्यापुढे नायट्रोजन कमी होत जातो आणि अगदी बारीक भोकं मिटू लागतात. पॅनच्या वजनाच्या ४५ ते ५० टक्के कार्बन हाती यायला हवा. पीएमएमए हिशेबात धरला तर मूळ चटईच्या एक तृतीयांशाच्या आसपास. बरंच कमी आलं तर गळती शोधा: नळीच्या टोकांच्या रबरी कड्यांपासून सुरुवात करा.

आता सगळ्यात गंभीर भाग. पॅन तापताना हायड्रोजन सायनाइड सुटतो. नळीतून बाहेर येणारा वायू आधी एका रिकाम्या बाटलीतून, मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोन बाटल्यांतून नेऊन धूर ओढणाऱ्या कपाटात सोडा. रिकामी बाटली यासाठी, की भट्टी थंड होताना वायू आक्रसून द्रावण मागे ओढलं गेलं तर ते तिथे अडकावं, तापलेल्या नळीत जाऊ नये. बाटल्यांतल्या द्रावणात सायनाइड असतं. त्यात आम्ल कधीही पडू देऊ नका आणि ते सायनाइडयुक्त कचरा म्हणून वेगळं जमा करा.

कार्बन डायऑक्साइडने भोकं पाडणं

नळी न उघडता हीच भट्टी ८५० अंशांवर आणा आणि नायट्रोजनच्या जागी मिनिटाला १०० मिलि. कार्बन डायऑक्साइड सोडा. कार्बनचा एक अणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळून कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. तेवढा कार्बन तंतूतून कमी होतो, तिथे भोक. मोनॉक्साइड विषारी आणि बिनवासाचा, त्यामुळे बाहेरची वाट तीच, आणि खोलीत त्याचा शोधक लावलेला असावा.

किती वेळ, हे प्रत्येक भट्टीचं वेगळं असतं. म्हणून आधी फक्त चाचणीसाठी, नायट्रोजनमधल्या पायरीनंतर एक तुकडा थंड करून वजन घेऊन ठेवा, मग २०, ४० आणि ६० मिनिटांचे तीन तुकडे वेगवेगळे करून घट मोजा. लक्ष्य ३० ते ४० टक्के घट. ५० टक्क्यांच्या पुढे पृष्ठफळ वाढतं खरं, पण चटई चिमट्यात धरताच तुटते आणि तंतूंमधले सांधे पातळ होऊन रोध वाढतो. त्या वाढलेल्या पृष्ठफळाचा मोठ्या प्रवाहाला काही उपयोग होत नाही. वेळ झाली की लगेच पुन्हा नायट्रोजन सुरू करा आणि १०० अंशांच्या खाली आल्यावरच नळी उघडा. गरम सच्छिद्र कार्बन हवेत आपोआप पेटतो.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडने याहून जास्त पृष्ठफळ मिळतं, आणि पुष्कळ जण तिकडेच वळतात. अखंड चटई हवी असेल तर तो मार्ग मी निवडणार नाही. ७५० ते ८०० अंशांवर तो तंतू कुरतडून त्यांचा भुगा करतो, क्वार्ट्झ आणि अ‍ॅल्युमिना दोन्ही खातो (निकेलची थाळी लागते), आणि आत धातुरूप पोटॅशियम तयार होतं, जे दमट हवेत किंवा पाण्यात पेट घेऊ शकतं. भुकटीच हवी असेल तेव्हा तो चांगला.

पुढे जाण्याआधी मल्टिमीटरची दोन टोकं चटईवर १ सें.मी. अंतरावर हलकेच टेकवा. काही दहा ते काही शे ओहम आले तर ठीक. किलोओहम आले तर ताप कमी पडला किंवा घट जास्त झाली. हा अंदाजच आहे, पण तो घ्यायला एक मिनिट लागतं आणि त्याने आठवडा वाचतो.

पृष्ठफळासाठी ७७ केल्विनवर नायट्रोजनचं अधिशोषण (पृष्ठभागाला किती वायू चिकटतो ते) मोजतात. त्याला ५० ते १०० मि.ग्रॅ. नमुना लागतो आणि आधी २०० अंशांवर निदान ८ तास निर्वातात ठेवावा लागतो. १ नॅनोमीटरखालच्या भोकांत त्या थंडीत नायट्रोजन फार हळू शिरतो. त्यांच्यासाठी २७३ केल्विनवर कार्बन डायऑक्साइडचं अधिशोषण जास्त खरं सांगतं.

सेल बांधणी

१२ मि.मी. व्यासाच्या दोन चकत्या कापा. क्षेत्रफळ प्रत्येकी १.१३ चौ.सें.मी.; वजन साधारण १.५ मि.ग्रॅ. येईल. तराजू ०.०१ मि.ग्रॅ.पर्यंत दाखवणारा हवा. चकत्या १२० अंशांवर वाळवून, गार होताच तोला, कारण सच्छिद्र कार्बन हवेतली ओल भराभर ओढतो. दीड मिलिग्रॅममध्ये ०.१ मि.ग्रॅ.ची चूक म्हणजे उत्तरात जवळपास ७ टक्क्यांची चूक. दोन्ही चकत्यांच्या वजनातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवा.

इलेक्ट्रोलाइट ६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड. कोरडी चटई त्यावर तरंगते, भिजत नाही. बाहेरून ओली दिसली तरी भोकांत हवा असते. चकत्या इलेक्ट्रोलाइटमध्ये बुडवून, वरून काचेचं हलकं वजन ठेवून, निर्वात कुपीत ५ मिनिटं हवा ओढा, सोडा, असं तीनदा करा. मग झाकून २४ तास ठेवा. भरणं-रिकामं करणं याच्या पहिल्या काही शे आवर्तनांत धारिता वाढत जाताना दिसली, तर हे भिजणं अपुरं राहिलं होतं असं समजा.

दोन चकत्यांमध्ये काचतंतूंचा किंवा सेल्युलोजचा १६ मि.मी. विभाजक ठेवा. तो इलेक्ट्रोडपेक्षा मोठाच हवा, नाहीतर कडेचे सुटे तंतू पलीकडे टेकून शॉर्ट होतं. प्रवाह गोळा करायला ग्रॅफाइटची फॉइल सुरक्षित. निकेलचा फोम अल्कलीत टिकतो, पण त्याच्या पृष्ठभागावरचं निकेल हायड्रॉक्साइड स्वतः भार साठवतं आणि कार्बनच्या नावावर जमा होतं. फोम वापरलाच तर कार्बनशिवाय त्याच मापाचा कोरा सेल बांधून त्याची धारिता वजा करा. सेल हवाबंद ठेवा. अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होतं.

मोजणी आणि हिशेब

कमाल १ व्होल्ट. पाणी सिद्धांताने १.२३ व्होल्टला फुटतं, म्हणून थोडं अंतर राखायचं. १ मोलर सोडियम सल्फेट वापरलं तर १.६ व्होल्टपर्यंत जाता येतं, पण त्याचा रोध जास्त.

आधी चक्रीय व्होल्टामेट्री, म्हणजे व्होल्टेज ठरलेल्या वेगाने चढवत-उतरवत प्रवाह मोजणं: सेकंदाला ५, २०, १०० आणि २०० मिलिव्होल्ट. आलेख आयताच्या जवळ हवा. वेग वाढवल्यावर तो पानासारखा तिरपा होत असेल तर रोध जास्त. वरच्या टोकाला शेपूट उगवत असेल तर पाणी फुटतंय, मर्यादा ०.९ वर आणा.

मग स्थिर प्रवाहाने भरणं-रिकामं करणं. उदाहरण: दोन्ही इलेक्ट्रोड मिळून ३ मि.ग्रॅ., प्रवाह ३ मिलिअँपिअर. भरून १ व्होल्ट झाल्यावर प्रवाह उलटा करताच व्होल्टेज ०.०२ ने एकदम खाली आलं, उरलेले ०.९८ व्होल्ट उतरायला ३९.२ सेकंद लागले. सेलची धारिता ०.००३ × ३९.२ ÷ ०.९८ = ०.१२ फॅरड. दोन्हींच्या वजनाने भागली की ग्रॅमला ४० फॅरड. एका इलेक्ट्रोडची धारिता याच्या चौपट, ग्रॅमला १६०. चौपट का? दोन संधारित्रं एकसर जोडलेली असल्याने सेलची धारिता एकाच्या निम्मी असते, आणि वजन मात्र दोघांचं धरलेलं असतं.

ऊर्जा काढताना मात्र ४० च घ्यायचे: ०.५ × ४० × ०.९८² ÷ ३.६ = किलोग्रॅमला ५.३ वॉट-तास. इथे १६० घातले की आकडा चौपट फुगतो, आणि ही चूक छापील लेखांतही सापडते. व्होल्टेजच्या उडीवरून रोध: प्रवाह +३ वरून −३ झाला, म्हणजे बदल ६ मिलिअँपिअर, ०.०२ ÷ ०.००६ = ३.३ ओहम.

विद्युत प्रतिबाधेची (उलटसुलट प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याची) मोजणी १०० किलोहर्ट्झपासून १० मिलिहर्ट्झपर्यंत, ५ मिलिव्होल्टच्या आंदोलनाने करा. तिच्या आलेखाचे तिन्ही भाग वेगवेगळं सांगतात. सुरुवातीचं अर्धवर्तुळ मोठं असेल तर चटई आणि फॉइल यांचा स्पर्श वाईट. सेल थोडा घट्ट करा. ४५ अंशांची तिरकी रेघ लांब असेल तर आयनांना आत जायला त्रास होतोय. पीएमएमएचं प्रमाण ३० वरून ४० टक्के करून पाहा. शेवटची रेघ उभी होण्याऐवजी बरीच कललेली असेल तर गळती आहे किंवा भोकांच्या रुंदीत फार विषमता आहे.

निकाल लिहिताना ग्रॅमच्या आकड्याशेजारी चौरस सेंटिमीटरला किती मि.ग्रॅ. कार्बन होता तेही लिहा. या कृतीत तो १.३ आहे, बाजारातल्या सुपरकॅपॅसिटरमध्ये १० च्या आसपास असतो. अशी चटई जाडीला ५० मायक्रोमीटरच्या आसपास आणि बरीच पोकळ असते, त्यामुळे घनसेंटिमीटरला धारिता फारशी नसते. दोन-तीन चकत्या एकावर एक दाबून तीच चाचणी पुन्हा घ्या. ग्रॅमची धारिता मोठ्या प्रवाहालाही फारशी घसरली नाही, तर वाटा खरोखर मोकळ्या आहेत. घसरली, तर आधी थरांमधला स्पर्श तपासा, मग भिजणं, आणि भोकांना दोष सगळ्यात शेवटी द्या.